मिरचीला फूल नाही? बाटली घेण्याआधी बेचकं बघा



आजचा मेसेज नेहमीच्या फवारणी सल्ल्यासारखा नाही. लांब आहे आणि यात माझं मत आहे. संध्याकाळी निवांत वाचा. मोठ्या अक्षरात हवा असेल त्यांनी सेवा केंद्रात सांगावं, प्रिंट काढून ठेवतो.

मृगाचा पाऊस झाल्यापासून मला येणाऱ्या मेसेजपैकी निम्मे एकाच विषयावर आहेत. "मॅडम, मिरची कमरेला लागली पण फूल नाही." "शेजाऱ्याचा तोडा सुरू झाला, आपलं नुसतं पान." आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "कोणतं टॉनिक मारू?" काही जण तर आधी मारून मोकळे होतात आणि मग बाटलीचा फोटो पाठवून विचारतात, हे बरोबर आहे का.

माझं मत आधीच सांगते. सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात अक्षय तृतीयेच्या आसपास लावलेल्या मिरचीला आज, पन्नास-पंचावन्न दिवसांनी, झाड हिरवंगार असून फूल नसेल, तर बहुतेक वेळा त्या झाडाला काही कमी पडलेलं नसतं. जास्त झालेलं असतं. आणि जास्त झालेल्या झाडावर आणखी एक बाटली ओतून फूल येत नाही. म्हणून कोणतीही फुलाची बाटली घ्यायच्या आधी प्लॉटमध्ये जाऊन अर्धा तास द्या. त्या अर्ध्या तासात काय बघायचं ते खाली सांगते.

पहिली गोष्ट बेचकं. मिरचीचं रोप एका खोडावर वाढतं, मग शेंड्याला दोन किंवा तीन फांद्या फुटतात. त्या पहिल्या बेचक्यात पहिली कळी येते. त्यानंतर प्रत्येक फांदी पुन्हा दुभागते आणि प्रत्येक नव्या बेचक्यात कळी बसते. झाड जितकी बेचकी करेल तितक्या फुलांच्या जागा. आता एक झाड निवडून खालून वर प्रत्येक बेचक्यात बोट लावून बघा. तिथे बारीक देठाचा ठसा आहे का, जिथून काहीतरी तुटून पडलंय असा? की बेचकं अगदी गुळगुळीत आहे, कळी बसलीच नव्हती?

हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. ठसा असेल तर तुमच्या मिरचीला फूल येत होतं, ते गळलं. ठसा नसेल तर कळी धरलीच नाही. दोन्हीला आपण "फूल नाही" असंच म्हणतो, पण दोन्हीची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळा. ठसा दिसला तर मल्चिंग पेपरवर, झाडाच्या बुडाशी बघा. देठासकट पडलेल्या पिवळ्या कळ्या सापडतील. चांदीच्या पेपरवर त्या लगेच दिसतात. पाऊस पडून वाहून जायच्या आधी सकाळी लवकर बघायचं.

मे महिन्यातली गळ बहुतेक उन्हाची होती. मिरचीला दिवसाचं तापमान २० ते ३० अंशाच्या दरम्यान मानवतं. ३५ च्या वर गेलं की परागकण कमजोर होतात आणि फूल गळायला लागतं. रात्रही गरमच राहिली तर सेटिंग आणखी बिघडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे लवकर लावलेल्या प्लॉटची पहिली एक-दोन बेचकी रिकामी गेली असतील तर ती हवेमुळे गेली. त्यावर तेव्हा औषध नव्हतं आणि आता ती वेळ गेली. आता वरची नवी बेचकी बघा. तिथे कळी टिकायला लागली असेल तर काही करू नका. अगदी काहीही नाही. पाऊस पडून हवा थंड झाली की झाड आपोआप सेटिंग धरतं. अडचण अशी की नेमक्या त्याच आठवड्यात आपण टॉनिक मारतो, फूल दिसतं, आणि श्रेय बाटलीला जातं. पुढच्या वर्षी तीच बाटली गावभर विकली जाते.

आता गुळगुळीत बेचक्याकडे येते, कारण यंदा तीच तक्रार जास्त आहे.

गेल्या आठवड्यात दोन सभासदांच्या प्लॉटवर गेले होते. दोघांच्या मध्ये फक्त धुरा. वाण एकच, रोपं एकाच नर्सरीतली, लावणीत तीन दिवसांचा फरक. एकाची मिरची गुडघ्याच्या वर, पान मध्यम, झाड चवळीच्या दाण्याएवढ्या कळ्यांनी भरलेलं. दुसऱ्याची मिरची कमरेला, पान तळहाताएवढं, रंग काळपट हिरवा, पेरं लांब, खोड दाबलं तर मऊ. आणि फूल औषधालाही नाही. लांबून पाहणाऱ्याला दुसरा प्लॉटच भारी वाटेल. ते दादाही म्हणाले, "मॅडम, झाड बघा कसं आहे, फक्त फुलाचं काहीतरी सांगा."

मी डोस विचारला. बेसलला दोन गोण्या डीएपी. मग वीस दिवसांनी युरिया, पस्तीस दिवसांनी पुन्हा युरिया, आणि पाऊस झाल्यावर "पाणी आहे तर देऊन टाकू" म्हणून तिसरी गोणी. हिशेब करू. डीएपीत १८ टक्के नत्र, म्हणजे ५० किलोच्या दोन गोण्यांतून १८ किलो. युरियात ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत साधारण पावणेएकवीस किलो, तीन गोण्यांतून बासष्ट. बेरीज झाली एकरी ऐंशी किलो नत्र, आणि तेही पहिल्या पन्नास दिवसांत. शेणखत आणि ठिबकमधून सोडलेलं १९:१९:१९ यात धरलेलंच नाही.

बागायती मिरचीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. एकराला आलं ४० किलो नत्र. मला माहीत आहे, मल्चिंग-ठिबकवर संकरित वाण लावून भरपूर तोडे घेणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं. मान्य. पण ते सगळ्या हंगामात तोड्याबरोबर विभागून द्यायचं असतं. पहिल्या पन्नास दिवसांत दुप्पट घालायचं नसतं. इतकं नत्र आयतं मिळालं की झाड पानं आणि फांद्याच काढत बसतं. आपल्याकडे म्हणतात ना, झाड माजलं. शब्द अगदी बरोबर आहे.

युरिया २६६ रुपये ५० पैशाला गोणी मिळते, म्हणून हात सैल सुटतो. पण तिची खरी किंमत गोणीवर छापलेली नसते. पहिला तोडा पंधरा-वीस दिवस लांबला, सुरुवातीचा भाव हातचा गेला, लुसलुशीत पानावर मावा-थ्रिप्स धावून आले आणि त्यांच्या फवारण्या वाढल्या. हे सगळं त्या २६६ रुपयांत मोजा.

आता उपाय. नत्र पूर्ण बंद, दहा-बारा दिवस. पूर्ण म्हणजे १९:१९:१९ सुद्धा नाही. १३:०:४५ मध्ये १३ टक्के आणि १२:६१:० मध्ये १२ टक्के नत्र असतं हेही लक्षात ठेवा. कॅल्शियम नायट्रेटला लोक फक्त कॅल्शियम समजतात, त्यातही साडेपंधरा टक्के नत्र आहे. या दिवसांत द्यायचंच असेल तर ०:५२:३४, लिटरला पाच ग्रॅम, एक फवारणी. त्यात नत्र नाही, स्फुरद-पालाश आहे. पण या फवारणीने फूल "येतं" असं मी म्हणणार नाही. नत्राची आणि पाण्याची ओढ कमी झाली की झाड स्वतःच कळीकडे वळतं, फवारणी थोडी मदत करते इतकंच. दहा-बारा दिवसांत नवीन बेचक्यात मोहरीएवढी कळी दिसायला हवी. ती दिसली की थोडं-थोडं खत ठिबकमधून सुरू करा.

पाण्याचंही तसंच. पाऊस झाला तरी अर्ध्या लोकांचं ठिबक रोज सुरूच आहे, कारण टायमर लावलाय किंवा लाईट आली की मोटर चालू अशी सवय आहे. मल्चिंगखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. एका भोकात हात घालून चार बोटं खोल माती काढा आणि मुठीत दाबा. लाडू होऊन बोटांतून पाणी सुटलं तर मुळं गुदमरतायत. लाडू झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला तर वाफसा आहे. काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावरही चार-पाच दिवस ठिबक लागत नाही. बेडच्या मधल्या सरीत पाणी तुंबलं असेल तर आधी ते काढून द्या, खताचा विचार नंतर.

इथे एक सावध करते. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे मोसंबी आहे. मोसंबीला ताण दिला की बहार फुटतो हे आपल्या हाडात मुरलंय. तोच नियम काही जण मिरचीला लावतात, झाड माना टाकेपर्यंत पाणी तोडतात. मिरची म्हणजे मोसंबी नव्हे. तिला असा ताण बसला तर आहे ती कळीही गळते. पाणी वाफशावर आणायचं, तोडायचं नाही.

आता बाटल्यांबद्दल. फुलासाठी म्हणून दुकानात जे मिळतं ते मी मोटामोटी तीन-चार गटांत बघते. एक गट समुद्री शेवाळ, अमिनो आम्ल, ह्युमिक वगैरे. यांनी नुकसान नाही, चांगल्या चाललेल्या झाडाला थोडा फायदाही होतो, पण माजलेल्या झाडाला ते फुलावर आणत नाहीत. दुसरा गट बोरॉनसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं. बोरॉन परागकणासाठी लागतंच. कमतरता असेल तर फरक दिसतो. पण लागतं अगदी थोडं, २० टक्केवालं बोरॉन लिटरला एक ग्रॅम. आठवड्याला तीनदा मारलं तर पानाच्या कडा जळतात.

तिसरा गट एनएए, म्हणजे संप्रेरक. हे फुलगळ कमी करतं. पुन्हा वाचा, गळ कमी करतं. ज्या झाडावर कळीच नाही तिथे ते काय धरून ठेवणार? शिवाय साडेचार टक्केवालं एनएए १० पीपीएमने द्यायचं म्हटलं तर पंधरा लिटरच्या पंपाला जेमतेम तीन मिली बसतं. मी शेतावर टोपणाने मोजताना बघितलंय, दहा-दहा मिली. जास्त झालं की तेच औषध फूल पाडतं.

चौथा गट मला सगळ्यात जास्त खटकतो. नाव नाही, घटक नाही, नुसतं झाडाचं चित्र आणि "जादू", "धमाका" असले शब्द. यात काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कोणी जिबरेलिक आम्ल घालून देतो, त्याने पेरं आणखी लांबतात. आंब्याला मोहरासाठी देतात ते पॅक्लोब्युट्राझोल मिरचीवर मारून बघितल्याच्या गोष्टीही कानावर येतात. त्याने वाढ थांबते हे खरं. पण ते जमिनीत कित्येक महिने राहतं आणि मिरची काढून तुम्ही जे पुढचं पीक घ्याल त्याचीही वाढ खुंटवू शकतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशाखाली आणले ते याच गोंधळासाठी. बाटलीवर घटक, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि तारीख नसेल तर घेऊ नका. घेतलं तर पक्कं बिल घ्या. बिल देत नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर समजा.

यात पैसा तर जातोच, पण मला जास्त काळजी मालाची आहे. आपली हिरवी मिरची पिंपळगाव रेणुकाईसारख्या बाजारातून लांबच्या शहरांत आणि काही देशाबाहेरही जाते. २०१४ मध्ये सौदी अरेबियाने कीटकनाशकाच्या अवशेषांमुळे भारतातून हिरवी मिरची घेणं काही काळ बंद केलं होतं. एकाच्या पंपातली अनोळखी बाटली सगळ्या गाडीचा माल अडकवू शकते. आपण मिळून माल विकतो, तेव्हा कोण काय मारतो हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही.

कीड आणि रोगामुळेही फूल दिसत नाही, ते वेगळं ओळखा. झाड खुजं, शेंड्याची पानं वाकडी, कळी बारीक राहून वाळलेली असेल तर नत्राचा विचार सोडा. पान वरच्या बाजूला नावेसारखं वळलं असेल तर थ्रिप्स. खाली वळलं, उलट्या होडीसारखं दिसलं आणि देठ लांब झाला असेल तर कोळी. थ्रिप्सचं औषध कोळीवर चालेलच असं नाही, म्हणून आधी ओळखायचं. आपल्याकडे दोन्हीला सरसकट "कोकडा" म्हणतात आणि सरसकट एकच औषध मारतात.

फुलातल्या काळ्या थ्रिप्सकडे खास लक्ष द्या. ही परदेशी जात, भारतात पहिल्यांदा २०१५ मध्ये बेंगळुरूला पपईवर सापडली. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणात हिने मिरचीचे प्लॉटच्या प्लॉट झोपवले, लोकांनी उभं पीक मोडलं. ही फुलात राहते. कळी उमलली की आत शिरते, फूल तपकिरी होऊन गळतं, आणि आपल्याला वाटतं फूल टिकत नाही, चला टॉनिक मारू. फूल पांढऱ्या कागदावर आपटा. कागद नसेल तर मोबाईलची स्क्रीन पांढरी करून त्यावर झटका. एका फुलातून चार-सहा काळे बारीक धागे पळताना दिसले तर मला लगेच फोटो पाठवा. निळे चिकट सापळे अजून लावले नसतील तर आजच लावा. औषध लेबलवर मिरची आणि थ्रिप्स लिहिलेलंच घ्या, आणि सलग दोनदा एकाच गटाचं नको. तक्ता सोमवारच्या मेसेजमध्ये दिलाय.

शेजारी मका असेल आणि त्यात तणनाशक मारलं असेल तर तेही विचारात घ्या. टू-फोर-डीचा वारा मिरचीला सोसत नाही. पान दोरीसारखं अरुंद होतं, शिरा जाड दिसतात, शेंडा पिळतो, कळी येत नाही. तणनाशकाचा पंप मिरचीला वापरणं हा तर जिवावरचा खेळ. दोन पंप ठेवा.

चुरडा-मुरडा झालेली, एकदम आखडलेली झाडं मात्र उपटून प्लॉटबाहेर न्या. त्यांना फूल यायचं नाही, आणि पांढरी माशी तिथून रोग उचलून चांगल्या झाडांवर नेते.

ज्यांचे एक-दोन तोडे झालेत त्यांची तक्रार वेगळी असते. "आधी फुलं भरपूर होती, आता एकदम बंद." अशा प्लॉटवर गेलं की बहुतेक वेळा झाडावर माल लगडलेला असतो. भाव पडला म्हणून तोडा लांबवलेला. झाडाचं गणित साधं आहे. अंगावर जितकी मिरची भरतेय तितकं अन्न तिकडे जातं, नवी कळी उपाशी राहते आणि गळते. तोडा केला की पुन्हा फूल लागतं. ढोबळी मिरचीत हे आणखी ठळक दिसतं, एक फळलाट, मग खंड, मग दुसरी लाट.

पण इथे फक्त झाडाचं गणित करून चालत नाही, हे मला कळतं. मजुरी आणि गाडीभाडं जाऊन हातात काही उरत नसेल तर माणूस तोडा का करेल? दरवर्षी माल एकदम आला की हे होतं. तरी माझं मत असं की सुरुवातीच्या काळात, झाड तरुण असताना, एक तोडा तोट्यात गेला तरी करावा. कारण तो तोडा आजच्या भावासाठी नसतो, पुढच्या महिन्याच्या फुलासाठी असतो. सगळा प्लॉट शक्य नसेल तर निम्मा तोडा. ज्यांनी लाल करायचं ठरवलंय त्यांनी ठरवून लाल करावी, मग फूल का नाही म्हणून टॉनिक मारू नये. अर्धवट सोडलेला, ना हिरवा ना लाल असा प्लॉट दोन्हीकडून मारतो.

ताईंसाठी थोडं. बचत गटाच्या बऱ्याच जणींनी परसबागेत, पोत्यात, बादलीत मिरची लावलीय आणि "झाड उंच होतं पण मिरची लागत नाही" म्हणतात. तिथे नव्वद टक्के कारण सावली. घराच्या भिंतीला, शेवग्याखाली, पत्र्याच्या शेडजवळ मिरची उंच पळते, पांढरट होते, फूल धरत नाही. सहा तास तरी ऊन लागलं पाहिजे. पोतं उचलून उन्हात ठेवा, हाच इलाज. भांड्यांचं पाणी रोज ओतू नका, माती सुकली की द्या. आणि पिकलेली मिरची शोभेसाठी झाडावर ठेवू नका, तोडत राहा.

आता आपल्या कंपनीबद्दल बोलते. हे काहींना आवडणार नाही. आपल्या सेवा केंद्रातही फुलाच्या बाटल्या आहेत. त्यातल्या बहुतेक नावाजलेल्या आहेत, बिल मिळतं, घटक छापलेले असतात. तरीही कोणी काउंटरवर येऊन "फुलाचं द्या" म्हणालं की लगेच बाटली काढून देणं मला पटत नाही. दुकानदाराचं काम बाटली विकणं आहे, त्याला मी दोष देत नाही. पण आपण दुकानदार म्हणून कंपनी काढली नाही. दुकानापेक्षा दहा रुपये स्वस्त बाटली हा काही आपला उपयोग नव्हे. नको असलेली बाटली न विकणं हा उपयोग आहे.

माझी सूचना मी संचालक मंडळापुढे लेखी दिली आहे, इथेही मांडते. मिरचीसाठी फुलाचं कोणतंही उत्पादन देताना काउंटरवर तीन प्रश्न विचारायचे: लावणी कधी केली, आतापर्यंत युरिया-डीएपी किती गोण्या गेल्या, बेचक्यात ठसा आहे का. उत्तर माहीत नसेल तर बाटली दुसऱ्या दिवशी. विक्री थोडी कमी होईल. मंडळातले काही जण म्हणाले, "आपण नाही दिलं तर तो बाहेरून घेईल." घेईल, खरं आहे. पण निदान आपल्या शिक्क्याने घेणार नाही. आणि दोन हंगाम हे केलं तर तो बाहेर जायच्या आधी आपल्याला विचारायला येईल असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते ग्रुपवर नको, तिथे वाद पेटतो. मला वैयक्तिक पाठवा, किंवा मासिक बैठकीत बोला.

फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. लांबून काढलेला हिरव्या प्लॉटचा फोटो सुंदर दिसतो, पण त्यातून मला काही कळत नाही. चार फोटो पाठवा. एक पूर्ण झाड, शेजारी माणूस किंवा फावडं उभं करून, म्हणजे उंची कळेल. एक बेचकं जवळून. एक शेंड्याच्या पानाची खालची बाजू. एक मल्चिंगच्या भोकातली माती, मूठ दाबून. सोबत वाण, लावणीची तारीख आणि आतापर्यंत दिलेली सगळी खतं, जमलं तर आवाजात बोलून पाठवा, लिहायची गरज नाही. खतांची यादी लपवू नका. कमी सांगितलीत तर सल्ला चुकतो. युरिया जास्त दिला म्हणून मी कोणाला रागावत नाही, फक्त बंद करायला सांगते.

पुढच्या आठवड्यात पाऊस उघडीप देईल तेव्हा शिवारफेरी घेणार आहे. वर सांगितलेल्या दोन प्लॉटचे मालक दाखवायला तयार झालेत. धुऱ्यावर उभं राहून दोन्हीकडची बेचकी मोजू. ज्या दादांनी तिसरी गोणी टाकली त्यांनी शनिवारपासून नत्र बंद केलंय, ठिबकही बंद आहे. तोपर्यंत त्यांच्याकडे कळी दिसते की नाही ते सगळ्यांनाच बघायला मिळेल. तारीख आणि वेळ आदल्या दिवशी कळवते. येताना पांढरा कागद आणा.

आपली कृषी सल्लागार